तुआमोतूत शिडाच्या बोटीवर ११ आठवडे: पाणी, वीज, किराणा कसा बसवायचा?

इंदूरी_काकू (इंदूर)

नमस्कार मंडळी. मे ते जुलै आम्ही दोघं (वय ५८ आणि ५४) भाच्याच्या बोटीवर राहणार आहोत. भाचा आणि त्याची बायको तिथे आहेतच, म्हणजे माणसं चार. हे सगळं प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात: मार्केझास बेटांतल्या नुकू हिवाला चढायचं, तिथून तुआमोतूची कंकणद्वीपं, म्हणजे प्रवाळाची रिंगणासारखी बेटं (काउएही, फाकारावा, तोआउ), आणि शेवटी ताहितीतल्या पापीतेला उतरायचं.

बोटीची माहिती मागवून घेतली आहे: ४० फुटी, एका सांगाड्याची, अमेरिकी बनावटीची. पाण्याच्या टाक्या ४०० लिटर, खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र ताशी ३० लिटरचं. सौर पॅनेल ६०० वॅट. बॅटऱ्या लेड-ॲसिड, ४४० अँपिअर-तास, १२ व्होल्ट. फ्रिज लहान. गॅसची शेगडी दोन बर्नरची.

मी शाकाहारी, हे अंडी-मासे खातात. इथल्या सियागंज बाजारातून काय भरून न्यावं? मिक्सर, इंडक्शन चालेल का? चार माणसांना पाणी पुरेल का? शार्क आणि वादळाचंही कुणीतरी नीट सांगा. भाच्याला विचारलं की "मामी, सगळं होतं" एवढंच म्हणतो. तेवढ्याने माझं भागत नाही.

इंजिनखोली (बडोदे)

काकू, आकडे दिलेत म्हणून उत्तर सोपं झालं. पाणी आणि वीज एकत्रच सांगतो, कारण तिथे ती वेगळी नसतात.

पाणी. माणशी ३ लिटर प्यायला म्हणजे १२. स्वयंपाकाला ४. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्यात विसळायची, त्याला ५. आंघोळही तशीच, आधी समुद्रात डुबकी आणि वर माणशी २ लिटर गोडं, ते ८. एकूण साधारण ३० लिटर. टाक्या भरलेल्या असतील तर ४०० लिटर १३ दिवस. यंत्र रोज तासभर चाललं की तेवढंच पाणी परत मिळतं. म्हणजे पुरेल, पण घरी नळ सोडून डाळ-तांदूळ धुतो ती सवय इंदूरलाच ठेवून जा.

यंत्र कसं चालतं ते माहीत असू द्या, कारण बिघडलं की सगळ्यांनाच झळ लागते. समुद्राचं पाणी आधी २० आणि मग ५ मायक्रॉनच्या गाळणीतून जातं, मग साधारण ५५ बार दाबाने पडद्यातून ढकललं जातं. ऊर्जा परत वापरणारा पंप असेल तर लिटरमागे सुमारे ४ वॅट-तास लागतात, म्हणजे तासाला १० अँपिअरच्या आसपास. सुरुवातीची ५-१० मिनिटं निघणारं पाणी टाकून द्यायचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ५०० च्या खाली आला की मगच नळी टाकीत. हा मीटर आपल्या आरओवाल्यांकडे असतो तोच. एक घेऊन जा, बोटीवरचा हमखास खराब असतो.

पडद्याला तीन गोष्टी मारतात. एक, तेलाचा तवंग: बंदरात यंत्र लावायचंच नाही. दोन, क्लोरीन: बंद करताना गोड्या पाण्याने धुवायचं असतं, पण ते धक्क्यावरचं नळाचं पाणी असेल तर कार्बनच्या गाळणीतूनच. तीन, पडून राहणं: पाच-सात दिवस वापरलं नाही तर आत जीवाणू वाढतात आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्याने धुणं आलंच. नुकू हिवाच्या खाडीत पावसानंतर पाणी गढूळ असतं, तिथे ५ मायक्रॉनची गाळणी दोन दिवसांत चोंदते. भाच्याला विचारा, गाळण्या किती आहेत. सहाच्या खाली उत्तर आलं तर पापीतेहून मागवायला सांगा.

दोन टाक्या असतील तर दोन्हीतून एकदम पाणी घेऊ नका. एक बिघडली तरी दुसरी हातात राहते. शिवाय २० लिटरचे चार कॅन भरून बांधलेले असावेत, ते मोजायचेच नाहीत. मे ते ऑक्टोबर तिथे कोरडा मोसम, तरी सरी येतात. ६ चौरस मीटरचं छत आणि १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६० लिटर. पहिली पाच मिनिटं कापडावरचं मीठ धुऊन जाऊ द्यायचं.

आता वीज. ६०० वॅटचे पॅनेल, डोलकाठीची आणि शिडाची सावली धरून दिवसाला २ ते २.४ युनिट देतील. १२ व्होल्टवर ते १७०-२०० अँपिअर-तास. नांगरावर असताना खर्च असा: फ्रिजचा कॉम्प्रेसर ५ अँपिअर ओढतो आणि त्या उकाड्यात निम्मा वेळ चालतो, म्हणजे ६०. पाण्याचं यंत्र १०. दिवे, पंप, फोन मिळून २०-२५. उपग्रहावरचं इंटरनेट दिवसरात्र सुरू ठेवलं तर तेवढ्यालाच १२० लागतील, चार तासांत आटोपलं तर २०. बोट चालत असताना स्वयंचलित सुकाणू यावर १०० किंवा जास्त खातं. म्हणून प्रवासाच्या दिवसांत भाचा इंटरनेट बंद ठेवायला लागला तर रागावू नका.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. ४४० मधले २२० च तुमचे. इंडक्शन १५०० वॅटचं धरलं तर १२ व्होल्टच्या बाजूला १५० अँपिअर जातात. लेड-ॲसिडचा व्होल्टेज तिथेच कोसळतो आणि इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतो. इंडक्शन विसरा. मिक्सरचं गणित उलटं आहे: ५०० वॅट दोन मिनिटं म्हणजे दीड-दोन अँपिअर-तास, काहीच नाही. पण बोट अमेरिकी आहे. इन्व्हर्टर ११० व्होल्टचा निघाला तर आपला २३० चा मिक्सर नुसता घुमेल. नेण्याआधी हे विचारून घ्या.

खारे_पोहे (इंदूर)

स्वयंपाकघराचं मी सांगते. बोटीवरचा निम्मा वैताग तिथूनच निघतो. वादळं क्वचित येतात, दमट हवा रोज असते.

आधी पोहे, कारण इंदूरचं कुणी पोह्याशिवाय ११ आठवडे काढेल असं वाटत नाही. जाडे पोहे उत्तम टिकतात, पण आपण पातेल्यावर वाफेत ठेवतो ती पद्धत तिथे चालत नाही: गॅस जळत राहतो आणि सगळी वाफ कॅबिनमध्ये, रात्री गाद्या ओल्या. चाळणीत नळाखाली धुणंही नको, त्यात दोन-तीन लिटर जातं. परातीत पसरून पाव किलोला दीड-दोन वाट्या पाणी शिंपडा, दहा मिनिटं झाका, मग फोडणी. जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आपला मसाला, न्या, ते कोरडं असतं आणि उकडलेल्या बटाट्यालाही चव आणतं.

शेव मात्र विचार करून न्या. सियागंजातून पाच किलोची एकच पिशवी घेतली तर तिसऱ्या आठवड्यात खवट होईल, ३० अंशांत आणि दमटपणात तेल टिकत नाही. १५०-२०० ग्रॅमची हवाबंद पाकिटं घ्या आणि एक फोडलं की दोन दिवसांत संपवा. तूप मजेत राहतं. गूळ पाणी सुटून चिकट होतो, गूळ पावडर बरी. कणीक दोन-अडीच महिन्यांत कडवट होते, कारण कोंड्यात तेल असतं. मैदा टिकतो आणि तिथे सरकारी भावाने मिळतो: फ्रेंच पॉलिनेशियात ठरावीक गरजेच्या वस्तूंना लाल लेबल असतं, त्यांचे भाव बांधलेले. तांदूळ, मैदा, साखर त्या लेबलची पाहून घ्या. म्हणजे इथून वजन न्यायचंय ते मसाले, हिंग, भाजणी, मेतकूट, पापड, सांडगे, भाजलेला रवा, मुगाची आणि तुरीची डाळ यांचं. सगळं निघण्याआधी चार दिवस उणे १८ च्या फ्रीझरमध्ये ठेवा, मग अर्धा-अर्धा किलोच्या वॅक्यूम पाकिटांत भरा. पोरकिड्यांची अंडी धान्यातच असतात, तमालपत्र घालून ती मरत नाहीत.

अख्खे मूग-मटकी इथून नेऊ नका. रुजू शकणारं बी म्हणून कस्टममध्ये अडकतं, आणि विचारल्यावर लपवणं तर अजिबात नको. मसूर फ्रेंच दुकानांत असतोच. चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकानं तिथे पुष्कळ, त्यांच्याकडे हिरव्या मुगाची चौकशी करा. समुद्रावर ताजी भाजी म्हणजे मोडच. १०० ग्रॅम मूग आठ तास भिजवा, फडक्यात बांधा, दर सात-आठ तासांनी अर्धी वाटी गोड्या पाण्याने ओले करा. २८ अंशांत चोवीस तासांत मोड येतात. समुद्राच्या पाण्याने ओले केले तर मोड येणारच नाहीत. ओले करायला विसरलात तर बुळबुळीत होऊन वास येतो, ते फेकायचे.

भाज्यांत कांदा, लसूण, लाल भोपळा आणि कोबी महिनाभर चालतात. कोबी सुरीने कापू नका, बाहेरची पानं एकेक काढत जा. कांदा आणि बटाटा एकाच जाळीत नको, एकाने दुसरा सडतो. टोमॅटो हिरवे घ्या आणि कागदात गुंडाळा. नुकू हिवाला पपनसं अप्रतिम आणि ती तीन-चार आठवडे राहतात, त्यामुळे वीस-पंचवीस बिनधास्त घ्या. नीरफणस दोन-चार दिवसांतच पिकतो, आणला की लगेच काप करून तव्यावर. हे सगळं मार्केझासमध्येच भरून घ्या. तिथे डोंगर आहेत, माती आहे, पाऊस आहे. तुआमोतू म्हणजे प्रवाळाचा चुरा. तिथे नारळ आणि मासे, बाकी सगळं जहाजाने येतं, आणि जहाज आलं त्या दिवशी दुकानात गर्दी, चार दिवसांनी फळ्या रिकाम्या. नारळ पडलेला दिसला म्हणून उचलू नका. झाडं कुणाच्या तरी मालकीची असतात, खोबरं वाळवून विकणं हाच तिथला धंदा आहे.

काकांची अंडी: न धुतलेली, फ्रिजमध्ये कधीच न गेलेली घ्या. कवचाला व्हॅसलिन चोळून दोन-तीन दिवसांनी उलटी-पालटी करत राहिलं की फ्रिजबाहेर तीन आठवडे जातात.

दही: लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम दूध पावडर, उकळून कोमट करून विरजण, पाच-सहा तासांत लागतं. विरजण हरवलं तर हिरव्या मिरचीची देठं घालून दोन वेळा लावा, दुसऱ्या खेपेला नीट घट्ट होतं.

आणि पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीवर नेऊ नका. झुरळांची अंडी पुठ्ठ्याच्या पन्हाळींत असतात. सगळं धक्क्यावर सोडवा, खोकी तिथेच टाका. डब्यांवरची कागदी लेबलंही काढून मार्करने नाव लिहा, नाहीतर ओल्याने लेबल सुटून पंपात अडकतं आणि मटार समजून फोडलेल्या डब्यात अननस निघतो.

इंदूरी_काकू (इंदूर)

खारे_पोहे ताई, वही घेऊनच बसले आहे. कुकर कोणता न्यावा? आणि बोट हलत असताना स्वयंपाक करतात तरी कसा? गॅसची भीती वाटते.

खारे_पोहे (इंदूर)

कुकर स्टीलचा, ३ लिटरचा, झाकण आतून बसणारा. बोट कलली तरी सांडत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. ॲल्युमिनियमला खाऱ्या पाण्याने बारीक खड्डे पडतात. गॅस्केट दोन आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन जादा न्या, त्या बेटांवर आपल्या मापाचं रबर मिळायचं नाही. वरण-भाताला एक शिट्टी झाली की गॅस बंद करून कुकर जाड टॉवेलात गुंडाळून खोल पातेल्यात ठेवा, अर्ध्या तासात आपोआप शिजतं. बटाटे उकडायला एक भाग समुद्राचं, दोन भाग गोडं पाणी. समुद्रात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे हे बरोबर खारट होतं. भाताला एकास तीन. पण ते पाणी उघड्या समुद्रातलं हवं. नांगरलेल्या जागचं नको, तिथे शेजारच्या बोटींचे संडास उघडतात.

शेगडी झुल्यावर टांगलेली असते, बोट कलंडते पण ती सपाट राहते. झोकांडी गेली तरी तिला धरायचं नाही, ओट्याच्या दांड्याला धरायचं. प्रवासात तळण बंद. फोडणी कढल्यात नाही, खोल पातेल्यात. उकाडा असला तरी पाय झाकलेले ठेवा, उकळतं पाणी मांडीवर सांडणं हा बोटीवरचा नेहमीचा अपघात आहे. चहा अर्धाच कप भरा.

इंजिनखोली (बडोदे)

गॅसची भीती बाळगावीच. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात तो खिडकीतून, दाराखालून निघून जातो. बोटीत बुडाशी साचतो आणि पंपाच्या एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या खणात असतो, ज्याच्या तळाला थेट समुद्रात उघडणारं भोक असतं. त्या भोकावर कुणी दोरी-बादली ठेवलेली नाही ना, एवढं बघत जा. बंद करण्याची पद्धत: स्वयंपाक झाल्यावर ज्योत तशीच ठेवून आधी विजेचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नळीतला गॅस जळून ज्योत विझली की मग शेगडीची बटणं. म्हणजे नळीत काही उरत नाही.

अमेरिकी बोटीत प्रोपेनचे सिलिंडर असतात, तिथे मिळतो ब्युटेन. शेगडीला फरक पडत नाही, तोंडाच्या आट्यांना पडतो. जोडणीचा अडॅप्टर आणि भरायची नळी आहे का हे भाच्याला विचारा. ९ किलोचा सिलिंडर चौघांच्या वरण-भात-पोळीला चार-पाच आठवडे धरा. म्हणजे तुमच्या मुक्कामात एकदा तरी भरावा लागणार, आणि तो कंकणद्वीपांवर नाही, पापीतेला किंवा नुकू हिवाला.

बाड्यावरचा_नांगर (ग्वाल्हेर)

शार्कचं आधी उरकतो. फाकारावाच्या दक्षिणेकडच्या फटीत, तुमाकोहुआला, करडे प्रवाळ-शार्क शेकड्याने असतात आणि लोक ते बघायलाच जातात. शार्क पकडायला फ्रेंच पॉलिनेशियात २००६ पासून बंदी आहे. नांगरलेल्या बोटीखाली काळ्या टोकाचे छोटे शार्क फिरतात. मासे साफ करून घाण तिथेच टाकायची नाही, संध्याकाळी अंधारताना पोहायचं नाही, भाल्यावरचा मासा कमरेला बांधायचा नाही. झालं. काकू, बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्यांना मगरींचं जेवढं वाटतं तेवढंच वाटून घ्या.

खरी काळजी फटीची आणि नांगराची. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळाचं रिंगण, मधलं अडवलेलं पाणी म्हणजे लगून, आत जायला एखाद-दुसरी फट. वाऱ्याच्या बाजूने लाटा रिंगणावरून आत पडत राहतात आणि ते सगळं पाणी त्या एका फटीतूनच बाहेर निघतं. मोठा स्वेल, म्हणजे दुरून येणाऱ्या लांब लाटा, असेल तेव्हा प्रवाह जवळजवळ दिवसभर बाहेरच असतो, सहा-आठ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). तुमच्या बोटीचं इंजिन सहा नॉट देईल. त्यात प्रवाहाच्या उलट वारा असेल तर फटीच्या तोंडाशी उभ्या लाटा तयार होतात. म्हणून पाणी थांबायची वेळ गाठायची, आणि ती भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या वेळेशी जुळतेच असं नाही. बाहेर तासभर घिरट्या घालून दुर्बिणीतून फट बघणं यात कमीपणा नाही. फाकारावाची उत्तरेची फट गारुआए त्या मानाने सोपी, फ्रेंच पॉलिनेशियातली ती सगळ्यात रुंद.

एक गंमत: ताहितीत भरती रोज दुपारी बारा आणि रात्री बाराच्या आसपासच येते आणि चढ जेमतेम फूटभर. चंद्राचं ओढणं तिथे जवळपास शून्य होतं, सूर्याचं उरतं. खंभातच्या आखातात दहा मीटर पाणी चढताना पाहिलेल्या बडोदेकरांना हे पटत नाही.

लगूनच्या आत सकाळी दहा ते दुपारी दोन-तीनपर्यंतच चालायचं, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना. इथे तुम्हा दोघांचं काम आहे: पुढे उभं राहून, ध्रुवीकृत चष्मा लावून रंग सांगणं. गडद निळा म्हणजे खोल. फिकट निळा-हिरवा म्हणजे वाळूवर चार-पाच मीटर. पिवळट किंवा तपकिरी म्हणजे प्रवाळाचा डोंगर पृष्ठभागाशी आलाय, लगेच हात करायचा. ओरडून उपयोग नाही, वाऱ्यात मागे ऐकू जात नाही, हाताच्या खुणा आधीच ठरवा. ढग सूर्यावर आला की थांबायचं. नकाशांवर विसंबू नका, उपग्रहाचं चित्र आणि नकाशा यांत काही ठिकाणी मोठं अंतर पडतं.

नांगर वाळूत टाकतात, पण साखळी वाऱ्याबरोबर फिरते आणि प्रवाळाच्या गोट्यांना वेढे घालते. वेढे पडले की ७० मीटर सोडलेली साखळी १५ मीटरची उरते, आणि रात्री वारा वाढला की प्रत्येक लाटेला बोटीचं नाक हिसका खातं. साखळी ज्यावरून उतरते तो पुढचा रोलर वाकतो नाहीतर साखळीच तुटते. उपाय म्हणजे साखळी तरंगती ठेवणं. १२ मीटर खोलीत पहिली २० मीटर साखळी मोकळी, मग दर सात-आठ मीटरला एक मोत्यांच्या शेतीतला फुगा, असे तीन-चार, झटकन निघणाऱ्या कड्यांनी अडकवलेले. १० मिलिमीटरची साखळी पाण्यात मीटरला जवळपास २ किलो भरते, म्हणजे फुगा १५ किलोच्या आसपास उचलणारा हवा. फुगा पृष्ठभागावर आला तर चुकलं; तो पाण्यात बुडालेला आणि साखळी तळाच्या दोन-तीन मीटर वर, असं हवं. शिवाय नायलॉनचा ८-१० मीटरचा दोर साखळीला पकडून ताण त्याच्यावर घ्यायचा, रबरासारखा तो हिसका खातो.

चक्रीवादळांचा मोसम तिथे नोव्हेंबर ते एप्रिल, तुम्ही त्याबाहेर आहात. तुमच्या महिन्यांत त्रास देतो तो मारामू, आग्नेयेचा जोरदार वारा: २५-३० नॉट, चार-चार दिवस. फाकारावाचं लगून ६० किलोमीटर लांब, त्यामुळे आतल्या आत दीड मीटर लाट उठते. हवामानाच्या अंदाजात मारामू दिसला की दोन दिवस आधीच आग्नेय कोपऱ्यात, हिरीफाला, जाऊन बसायचं. गावासमोर पाव मिळतो म्हणून उत्तरेला रेंगाळणारे मग रात्री नांगर घसरवतात.

मांडवीची_ताई (बडोदे)

प्रकृतीचं राहिलं.

काकांनी लगूनमधला मासा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय खाऊ नये. सिग्वाटेरा नावाचं विष प्रवाळावरच्या एका सूक्ष्म शेवाळातून लहान माशांत आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातं. चव-वास काही कळत नाही, शिजवून किंवा गोठवून जात नाही. बॅराकुडा, मोठा ग्रुपर, स्नॅपर, मोरे ईल या माशांत जास्त. उलट्या-जुलाब, मग तोंडाला-बोटांना मुंग्या, आणि गार वस्तू हाताला पोळल्यासारखी वाटणं ही त्याची खूण. एका बेटावर जो मासा चालतो तोच पलीकडच्या बेटावर विषारी असू शकतो. उघड्या समुद्रात गळाला लागलेला टूना, माहीमाही यांची ही भीती नाही.

प्रवाळाचं खरचटणं साधं समजू नका. आत बारीक कण राहतात आणि उकाड्यात दोन दिवसांत पू होतो. गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने घासून धुवा, पोव्हिडोन-आयोडिन लावा, आणि खपली धरेपर्यंत समुद्रात उतरू नका. हे शेवटचं कुणी पाळत नाही.

नुकू हिवा ते काउएही ५०० हून जास्त सागरी मैल, चार-पाच दिवस. समुद्र लागतो तो पहिले दोन-तीन दिवस. गोळी निघायच्या आदल्या रात्रीपासून घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही. सिनारिझिन या गोळीने झोप येते, म्हणून इंदूरलाच एकदा घेऊन बघा; हात थरथरण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पहिले दोन दिवस खाली गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, वाकून काम नको, निघण्याआधीच दशम्या, चटणी, उकडलेले बटाटे करून ठेवा. चौघांत पहारा तीन-तीन तासांचा येतो, म्हणजे नऊ तास मोकळे. रात्री वर एकटं असताना पट्टा अडकवलेलाच हवा, लघवीला कठड्याशी उभं राहायचं नाही. हे काकांना.

मलेरिया तिथे नाही, डेंग्यूचे डास आहेत. मार्केझासच्या किनाऱ्यांवर नोनो नावाची चिलटं चावतात आणि खाजवलं की चिघळतं, पातळ लांब बाह्यांचे सुती कपडे न्या. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा कधीच पूर्ण वाळत नाही, मीठ हवेतला ओलावा ओढतं. शेवटचं पाणी गोडंच हवं.

छप्पन_दुकानं (इंदूर)

एवढं सगळं करण्यापेक्षा लक्षद्वीप काय वाईट? तीही कंकणद्वीपंच.

बाड्यावरचा_नांगर (ग्वाल्हेर)

वाईट काही नाही. पण तिथेही प्रवेशाचा परवाना लागतो, आणि मे ते जुलै म्हणजे ऐन नैर्ऋत्य मोसमी वारे. त्या दिवसांत अरबी समुद्रात हौसेने शीड कुणी उभारत नाही. नवशिक्यांना हात बसवायचा असेल तर जाण्याआधी भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या बोटीत चार-सहा वेळा बसून या.

इंजिनखोली (बडोदे)

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही, फ्रेंच पॉलिनेशियासाठी वैध असा उल्लेख असलेला वेगळा लागतो. वाटेत लॉस एंजेलिस असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. परतीचं तिकीट आधीच काढा. बोटीच्या खलाशी यादीत तुमची नावं चढवली असतील तर उतरताना ती रीतसर काढून घ्यायला सांगा, नाहीतर बोटीच्या पुढच्या बंदरात भाचा अडकतो. विमा घेताना रुग्ण हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. कंकणद्वीपावरून दवाखाना म्हणजे विमानच.

आणखी एक, हे फार लोकांना माहीत नसतं: भाच्याने आठवण म्हणून त्याचा जुना सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र दिलं तर भारतात आणू नका. परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर लोकांना अटक झालेली आहे.

सामान मऊ पिशव्यांत भरा. चाकांची कडक बॅग बोटीवर ठेवायला जागाच नसते. चामड्याचे बूट-पट्टे बुरशीने हिरवे होतात, घरीच ठेवा. संडासाबद्दल भाचा सांगेलच, पण लाजून अर्धवट सांगेल: जे खाल्लेलं नाही ते त्यात टाकायचं नाही, कागदही नाही. दर आठवड्याला दोन कप व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवायचं, नाहीतर लघवी आणि खारं पाणी मिळून नळीत चुनखडीचा थर धरतो आणि नळी बंद होते. ती बदलायचं काम पाहुण्यांसमोर कुणालाच करायचं नसतं.

इंदूरी_काकू (इंदूर)

सगळ्यांचे आभार. भाच्याला प्रश्न पाठवले. तिथे आपल्यापेक्षा १५ तास मागे, इथे सकाळी नऊला पाठवलं की त्यांच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा, त्यामुळे उत्तर लगेच आलं. गाळण्या चारच आहेत, आणखी मागवतोय. इन्व्हर्टर ११० चाच निघाला, मिक्सर रद्द. मग चटणीला खलबत्ता लोखंडी न्यावा की दगडी?

खारे_पोहे (इंदूर)

स्टीलचा, छोटा. लोखंडी आठवड्यात गंजतो आणि दगडी विमानात वजन खातो. आणि तिथे ओट्यावर ठेवू नका, सगळ्यात खालच्या खणात टॉवेलात गुंडाळून ठेवा. बोट एकदम कलली की बत्ता थेट समोरच्या फळीवर जाऊन आदळतो.